जंगलाची जागल

बालमित्रांनो, ‘जागल’ हा शब्द तुम्ही कधी ऐकला आहे का? शहरातल्या मुलांना तो कदाचित नवा वाटेल. पण आमच्या तुमसरकडच्या, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या, कुठल्याही खेड्यातल्या मुलाला विचारा. तो लगेच सांगेल! धानाच्या लोंब्या भरू लागल्या की रात्री रानडुकरांचे कळप बांध्यांमध्ये घुसतात. बांधी म्हणजे धानाचं शेत, बरं का. एका रात्रीत वर्षभराच्या मेहनतीची माती होते. म्हणून घरातलं कुणीतरी बॅटरी हातात घेऊन, घोंगडी पांघरून मचाणावर जाऊन बसतं आणि रात्रभर राखण करतं. हीच जागल.

जागलीला बसलेल्या माणसाला चार कामं करावी लागतात. पहिलं, अंधारात नीट पाहणं. दुसरं, जे दिसलं ते ओळखणं. झुडूप हललं, की खरंच डुक्कर आलं? तिसरं, हाक देणं, म्हणजे शेजारच्या मचाणांवरची माणसं सावध होतात. आणि चौथं, उठून धावणं. चारपैकी एक जरी काम राहिलं, तरी सकाळी बांधी आडवी झालेली दिसणार!

आता गंमत ऐका. शेताची जशी जागल असते, तशी हल्ली जंगलाचीही जागल सुरू झाली आहे. तिचं एक मचाण तर जमिनीपासून आठशे किलोमीटर उंच आहे. तिथे बसून पाहण्याचं काम करतात उपग्रह. ओळखण्याचं काम करतो संगणक. त्याच्या या कसबाला म्हणतात कृत्रिम बुद्धिमत्ता. हाक देण्याचं काम करतो मोबाइल. मग धावण्याचं काम कोण करतं? त्याचा विचार तुम्ही करा. आपण तिथपर्यंत पोचणारच आहोत.

वणवा लागतो कसा?

आमच्या तुमसरच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या आहेत. बावनथडी नदी आहे, चांदपूरचा तलाव आहे, आंबागडचा किल्ला आहे. नाकाडोंगरी आणि लेंडेझरीचं जंगल आहे. पश्चिमेला गेलं की नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प लागतो, तर आग्नेयेला आमच्या आणि गोंदिया जिल्ह्यात पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. म्हणजे दोन मोठ्या जंगलांच्या मधल्या वाटेवरच आम्ही राहतो म्हणा ना!

या जंगलांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? शिकारी? हो, तोही आहे. पण उन्हाळ्यात त्याच्याहून भारी शत्रू म्हणजे वणवा. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. या दिवसांत साग पानं टाकतो, बांबू वाळतो, गवत पिवळं पडतं. जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. त्यावर चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो!

बांबूवर बांबू घासून आग लागते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. कुणी जळती बिडी टाकतं. कुणी सहलीला जाऊन चूल तशीच धगधगती सोडून येतं. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून कुणी झुडपं जाळतं. आणि आमच्याकडचं एक खास कारण आहे, मोहफुलं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. दाण्यासारखी, मऊ, फिकट पिवळी. पाचोळ्यात पडली की ती दिसत नाहीत. मग वेचणारी माणसं आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. खाली काळीभोर जमीन आणि तिच्यावर पांढुरकी फुलं! वेचायला एकदम सोपं. पण दुपारी वारा सुटला आणि एका झाडाखालची आग पूर्ण विझलेली नसली, की ती सरपटत पुढे जाते.

पुढे काय होतं? टिटवी, लावे, मोर, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती जळतात. कासव पळून पळून किती पळणार? पावसाळ्यात रोपं होऊन वर येणारं बी जळतं. हरणांचं गवत जळतं. हरणं दुसरीकडे निघाली की त्यांच्या मागे वाघ-बिबटे निघतात आणि कधीकधी गावाच्या अंगाला येतात. म्हणजे वणवा जंगलात लागतो, पण त्याची झळ घरापर्यंत येते.

आठशे किलोमीटरवरचं मचाण

जंगल एवढं मोठं. वनरक्षक मोजके. एका वनरक्षकाच्या ताब्यात जो भाग असतो, त्याला ‘बीट’ म्हणतात. त्याच्या एका टोकाला वनरक्षक उभा असेल, तर दुसऱ्या टोकाला टेकडीमागे लागलेली आग त्याला दिसणार कशी? इथे उपग्रह उपयोगी पडतो.

सुओमी-एनपीपी नावाचा एक उपग्रह २०११ साली सोडला गेला. तो सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. नागपूरहून मुंबईला रेल्वेनं जेवढं अंतर, साधारण तेवढीच ही उंची! त्याच्यावर आणि त्याच्यानंतर सोडलेल्या त्याच्या भावंडांवर ‘व्हिअर्स’ नावाचं उपकरण आहे. हे उपकरण उष्णता पाहतं.

उष्णता कशी काय दिसते? आईनं तवा चुलीवरून खाली उतरवून ठेवला आहे. दिसायला तो गार तव्यासारखाच काळा. पण तळहात जवळ नेला, न टेकवता हं, की लगेच कळतं, तापलेला आहे! तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आपली कातडी ते थोडेफार ओळखते. उपग्रहावरचं उपकरण ते फार बारकाईनं मोजतं. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा ठिपका एकदम जास्त तापलेला दिसला, की तिथे आग असण्याची शक्यता.

हा ठिपका केवढा असतो माहीत आहे? ३७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. गुणाकार करून पाहा. एक लाख चाळीस हजार चौरस मीटरहून थोडा जास्त. म्हणजे जवळजवळ ३५ एकर! त्या एवढ्या चौकोनात कुठेतरी आग आहे, एवढंच उपग्रह सांगतो. नेमकं कुठलं झाड पेटलं, ते सांगत नाही.

डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण नावाची सरकारी संस्था आहे. ती २००४ सालापासून उपग्रहांच्या मदतीनं वणव्यांचा माग काढते. उपग्रहाकडून ठिपके आले की संस्थेचे संगणक नकाशा काढून बघतात. हा ठिपका जंगलात आहे की कारखान्यावर? कुठल्या राज्यात, कुठल्या बीटमध्ये? मग त्या भागातल्या वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जातो. वाटलं तर सामान्य नागरिकही आपला नंबर नोंदवून आपल्या भागाचे संदेश मागवू शकतो.

किती छान, नाही? पण थांबा, इथे एक अडचण आहे. हे उपग्रह एकाच जागी थांबत नाहीत. आपल्या डोक्यावरून ते साधारण दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. समजा दुपारी तीन वाजता मोहाखालची आग पसरली. तर दीडचा पहारेकरी निघून गेलेला आणि पुढचा येणार मध्यरात्रीनंतर! मध्ये दहा-साडेदहा तास. तोवर आग कुठल्या कुठे पोचेल. वर ढग आले तर खालचं दिसणं आणखी कठीण.

पेंचचा न झोपणारा डोळा

या अडचणीवर एक उपाय आमच्या शेजारीच, नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात करून पाहिला गेला. २०२४ साली तिथल्या किरंगीसर्रा टेकडीवर एक ताकदवान कॅमेरा बसवला. तो गोल गोल फिरत साधारण १५ किलोमीटरपर्यंतचं जंगल न्याहाळतो. व्याघ्र प्रकल्पाचा सुमारे ३५० चौरस किलोमीटर भाग त्याच्या नजरेत येतो. त्याला जोडलेला संगणक कार्यक्रम ब्राझीलमधल्या एका कंपनीनं तयार केला आहे, नाव ‘पँटेरा’. कुठे धूर उठला की साधारण तीन मिनिटांत तो इशारा देतो, असं ही यंत्रणा बसवताना सांगितलं गेलं. कुठे दहा तास आणि कुठे तीन मिनिटं!

पण कॅमेऱ्याला धूर कळतो कसा? कॅमेरा तर नुसता फोटो काढतो. धूर ओळखतो तो संगणक. आणि संगणकाला ते शिकवावं लागतं, अगदी पहिलीच्या मुलाला अक्षरं शिकवावीत तसं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीतल्या मुलांचा ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये हमखास गोंधळ होतो. ‘घर’चं ‘धर’ होतं आणि ‘धन’चं ‘घन’! मग आम्ही काय करतो? फळ्यावर ‘घ’ काढतो, पाटीवर काढतो, वाळूत गिरवतो, पुस्तकात शोधायला लावतो. लहान ‘घ’, मोठा ‘घ’, वाकडा ‘घ’, खडूचा ‘घ’. शंभर वेळा पाहिल्यावर मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की ‘घ’ला वर पूर्ण रेघ असते आणि ‘ध’च्या डोक्याला गाठ असते. मग कुणाचंही अक्षर असो, तो बरोबर वाचतो.

संगणकाचंही तसंच. त्याला हजारो फोटो दाखवतात. हा धूर. हे धुकं. हा ढग. ही बैलगाडीनं उडवलेली धूळ. प्रत्येक फोटोवर माणसानं आधी उत्तर लिहून ठेवलेलं असतं. संगणक अंदाज करतो, चुकतो, उत्तराशी ताडून बघतो, स्वतःला सुधारतो, पुन्हा अंदाज करतो. असं करत करत त्याची नजर तयार होते. यालाच यंत्राचं शिकणं म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेत जादू काही नाही, सराव आहे. भरपूर सराव!

आणि मुलांसारख्याच त्याच्या चुकाही दोन प्रकारच्या असतात. एक, पहाटेच्या धुक्याला धूर समजून उगाच हाक देणं. दोन, खऱ्या धुराला धुकं समजून गप्प बसणं. तुम्हीच सांगा, यातली कुठली चूक जास्त वाईट? दुसरी, हो ना? पण पहिली चूकही रोज रोज झाली तर लोक हाकेकडे लक्षच देईनासे होतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवते ना? म्हणून संगणकानं इशारा दिला की आधी माणूस तो फोटो बघतो. गावातल्या चुलींचा धूर आणि जंगलातला धूर, यंत्राला दोन्ही धूरच. त्यातला फरक गाव ओळखणाऱ्या माणसाला कळतो.

पावणेपाच कोटी फोटोंचा ढीग

वणव्याची गोष्ट झाली. आता वाघोबाकडे वळू. आपल्या देशात साधारण दर चार वर्षांनी वाघांची मोजणी होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था मिळून ती करतात. जंगलातल्या पायवाटांवर झाडांना कॅमेरे बांधतात. समोरून काही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो.

२०२२ सालच्या मोजणीत ३२,५८८ जागी कॅमेरे लावले होते. फोटो किती निघाले असतील? ४,७०,८१,८८१! आणि त्यातले वाघांचे फोटो फक्त ९७,३९९. म्हणजे साधारण ४८० फोटो पाहावेत तेव्हा एकात वाघ. बाकी सगळे चितळ, सांबर, रानडुकरं, गाईगुरं, लाकडाची मोळी घेऊन निघालेली माणसं आणि वाऱ्यानं हललेलं गवत!

एक गणित करू. एका माणसानं दर सेकंदाला एक फोटो पाहिला, रोज आठ तास, रविवारची सुटीसुद्धा न घेता, तर हे सगळे फोटो पाहायला किती दिवस लागतील? उत्तर येतं जवळजवळ १,६३५ दिवस. साडेचार वर्षं! तोवर पुढची मोजणी येऊन ठेपेल.

म्हणून ‘कॅटरॅट’ नावाचा संगणक कार्यक्रम वापरतात. तो फोटो बघून वेगळे ढीग करतो. हा वाघाचा, हा अस्वलाचा, हा नीलगाईचा. त्यानंतर दुसरा एक कार्यक्रम वाघांच्या अंगावरचे पट्टे जुळवतो. आपल्या बोटांचे ठसे जसे प्रत्येकाचे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. त्यामुळे एकच वाघ दहा कॅमेऱ्यांसमोरून गेला तरी तो एकदाच मोजला जातो. या मोजणीत असे ३,०८० वेगवेगळे वाघ फोटोत सापडले. जे फोटोत आले नाहीत त्यांचाही हिशोब मांडून देशातल्या वाघांची संख्या सरासरी ३,६८२ निघाली. आपल्या महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ वाघ होते, ते २०२२ मध्ये ४४४ झाले.

ही आनंदाची बातमी आहेच. पण आईबाबांना विचारा, घरात माणसं वाढली आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या तर काय होतं? तरुण वाघ नवी जागा शोधायला बाहेर पडतात.

वाघाच्या गळ्यातला पट्टा

असाच एक तरुण वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला. शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला होता. हा पट्टा उपग्रहांच्या मदतीनं स्वतःची जागा ओळखतो आणि थोड्या थोड्या वेळानं कळवतो. त्या निरोपांवरून नकाशावर ठिपके पडत गेले. पाच हजारांहून जास्त ठिपके! ते जोडल्यावर दिसलं की हा पठ्ठ्या महाराष्ट्र आणि तेलंगणातून फिरत फिरत, शेतं, नाले, रस्ते ओलांडत, डिसेंबर २०१९ च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी पायपीट तीन हजार किलोमीटरच्या घरात! वाघ कुठल्या वाटांनी जातात, कुठल्या नाल्याकाठी दिवसा दडून बसतात, कुठे रस्ता ओलांडतात, हे त्यातून कळलं. जिथून वाघ जातात तिथे रस्ता बांधायचा असेल तर खालून मोरी ठेवायला हवी, हे मग नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

आमच्या नागझिऱ्यातही २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात असेच पट्टे होते. त्या कुठे रमतात, कुठे भटकतात, हे कळावं म्हणून. अशा वाघांची नेमकी जागा गुप्त ठेवतात, बरं का. ती शिकाऱ्याच्या हाती लागली तर राखणदाराचाच चोर व्हायचा!

पण मित्रांनो, आता थोडी दुःखाची गोष्टही ऐका. जय नावाचा एक भारदस्त वाघ होता. २०१३ साली तो नागझिऱ्याहून निघून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. त्याला पाहायला दुरून दुरून माणसं यायची. त्याच्या गळ्यातही पट्टा होता. एप्रिल २०१६ मध्ये पट्ट्याचे निरोप यायचे थांबले. शोध शोध शोधलं. जय पुन्हा सापडला नाही.

त्याचा मुलगा श्रीनिवास. त्याच्याही गळ्यात पट्टा होता. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात तो मेलेला सापडला. शेताभोवती लावलेल्या विजेच्या तारेचा धक्का लागून.

ती तार वाघासाठी लावलेली नसते. डुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात. रात्रभर जागल करून थकलेल्या माणसाला तो सोपा उपाय वाटतो. पण त्या तारेला वाघ, डुक्कर, शेजाऱ्याची गाय आणि अंधारात निघालेलं माणूस यांतला फरक कळत नाही. कितीतरी माणसंही अशा तारांना लागून गेली आहेत. उपग्रहानं श्रीनिवासची वाट पाहिली होती. पण त्या रात्री तारेतली वीज बंद करणं उपग्रहाच्या हातात नव्हतं. ते माणसाच्याच हातात होतं.

गावाच्या वेशीवरचा पहारा

मग माणसांच्या जिवाचं काय? वाघ वाचवायचा आणि माणसानं भीत भीत जगायचं, हे काही बरोबर नाही. मोहफुलं वेचायला पहाटे वाकून बसलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, एखादा प्राणी वाटतो, असं जाणकार सांगतात. असे हल्ले आमच्या विदर्भात होतात. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराला वाघांची वाढलेली संख्या सांगून काय उपयोग?

म्हणून हीच विद्या माणसांच्या रक्षणासाठीही वापरायला सुरुवात झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळ सीतारामपेठ नावाचं छोटं गाव आहे. तिथे २०२३ मध्ये गावाच्या वेशीवर कॅमेरे लावले. कॅमेऱ्यासमोर वाघ, बिबट्या असा प्राणी आला की संगणक तो ओळखतो आणि लगेच मोबाइलवर इशारा जातो. गाय गेली तर गप्प बसायचं, वाघ आला तर हाक द्यायची! विटामातीची नसलेली ही भिंतच म्हणायची. अर्थात मोबाइलला रेंज हवी, कॅमेऱ्याला वीज हवी, आणि इशारा आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणारं माणूस हवं.

चौथं काम कुणाचं?

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे आलो. पाहिलं उपग्रहानं, ओळखलं संगणकानं, हाक दिली मोबाइलनं. धावणार कोण?

वनरक्षक धावतात. वनमजूर धावतात. गावकरी धावतात. वैशाखाच्या उन्हात, पाठीवर वाऱ्याचा झोत मारणारं ब्लोअर यंत्र घेऊन, नाहीतर नुसत्या हिरव्या फांद्या घेऊन, आगीच्या कडेकडेनं झोडपत जातात. हंगाम सुरू होण्याआधी जंगलात जाळरेषा काढून ठेवतात. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा आधीच काढून केलेला मोकळा पट्टा, ज्याच्यापाशी आग येऊन थांबावी. हे काम करताना काही कर्मचाऱ्यांचे जीवही गेले आहेत. तीन मिनिटांत आलेली हाक ऐकायला टेकडीखाली माणसंच नसतील, तर त्या तीन मिनिटांचा काय उपयोग?

आणि धावण्याच्याही आधीचं एक काम आहे. आग लागूच न देणं! हे काम उपग्रहाला जमत नाही, संगणकाला जमत नाही. ते मोहाखाली बसलेल्या आजीला जमतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा हं. मोहफुलं वेचणारी आजी काही जंगलाची वैरी नाही. त्या फुलांवर तिच्या घरात तेल-मीठ येतं, नातवाची वही येते. तिला नुसतं ‘आग लावू नको’ असं दरडावून काय होणार? दुसरी वाट दाखवायला हवी. झाडाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी खराट्यानं झाडून बाजूला करता येतो. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं वरच्यावर झेलली जातात. ती मातीला लागत नाहीत, स्वच्छ राहतात. असे प्रयोग कितीतरी ठिकाणी झाले आहेत. जाळीला पैसे लागतात. खराट्याला मेहनत लागते, आणि आजीची कंबर दुखते. तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नातवंडांनी खराटा हातात घेतला तर? एका झाडाखालचा पाचोळा झाडायला कितीसा वेळ लागतो!

तसंच विजेच्या तारेचं. डुकरांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडे नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. घरात कुणाला लिहिता येत नसेल तर तो अर्ज तुम्ही लिहून देऊ शकता. पाचवी-सहावीतल्या मुलाला एवढं नक्की येतं. आणि पालकहो, भरपाई वेळेवर मिळावी म्हणून ग्रामसभेत आवाज उठवणं हे तुमचं काम. ती रखडली की माणूस तारेकडे वळतो.

करून पाहा

पहिला प्रयोग. शाईचा पॅड घ्या. दहा मित्रांच्या उजव्या अंगठ्याचे ठसे प्रत्येकी दोनदा, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर घ्या. चिठ्ठ्यांच्या मागे नाव लिहा, सगळ्या मिसळा आणि नुसते ठसे बघून जोड्या लावा. किती वेळ लागला? किती चुकल्या? मग ३,०८० वाघांच्या पट्ट्यांचा विचार करा!

दुसरा प्रयोग. आईबाबांच्या मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर इस्रोचं ‘भुवन’ उघडा. २००९ सालापासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यावर आपलं गाव शोधा. शाळा, तलाव, जंगल कुठे आहे ते बघा. जंगलाच्या हिरव्या पट्ट्यात कुठे खंड पडला आहे? वाघाला तिथून जायचं असेल तर तो कुठून जाईल? पेन्सिलीनं कागदावर त्याची वाट काढा. वर्गात प्रत्येकाची वाट वेगळी निघेल. मग भांडा खुशाल, पण कारणं देऊन!

आणि तिसरी गोष्ट प्रयोग नाही, ती पाठ करायची आहे. १९२६. हा महाराष्ट्र वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनीचा नंबर. जंगलात धूर दिसला, शिकारीचा फास दिसला, विहिरीत प्राणी पडलेला दिसला, तर स्वतः जवळ जायचं नाही. मोठ्या माणसाला सांगायचं आणि हा नंबर लावायचा. गावाचं नाव, जवळची ओळखीची खूण आणि धूर कुठल्या दिशेला आहे, एवढं नीट सांगायचं. पेंचच्या टेकडीवरचा कॅमेरा आमच्या लेंडेझरीचं जंगल पाहत नाही. उपग्रह दुपारी दीडला येऊन गेलेला असेल. पण चार वाजता गुरं घेऊन परतणाऱ्या मुलाला तो धूर आधी दिसू शकतो.

तर मग या उन्हाळ्यात तुमच्या गावाजवळ मोह कुठे कुठे आहेत, ते आधी मोजून ठेवा. आणि घरात एक जादा खराटा आहे का, तेही बघा!